शेवटच्या रकान्यातले आंधळे

भारतात अंध माणसे किती, या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा अधिकृत उत्तर दिले गेले आहे. ती उत्तरे एकाखाली एक मांडली की वाचणारा चक्रावून जातो. १९३१ साली, ब्रह्मदेशासह अखंड हिंदुस्थानात, सुमारे ६ लाख. १९४४ साली २० लाख. १९७१-७४ च्या पाहणीत ९० लाख. १९८१ च्या जनगणनेत ४ लाख ७९ हजार. २००१ च्या जनगणनेत दृष्टिबाधित म्हणून १ कोटी ६ लाख, पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत २८ लाख, आणि २०११ मध्ये ५० लाख.

हे आकडे खरे मानले तर या देशात दर काही वर्षांनी लाखो माणसांची दृष्टी जाते आणि लाखोंना ती परत मिळते, असे म्हणावे लागेल. तसे अर्थातच झालेले नाही. बदलत गेला तो प्रश्न. कोणी विचारला, कोणाला विचारला, किती अंतरावरून आणि चष्म्यासह की चष्म्याविना विचारला, यावर उत्तर ठरत गेले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे. तो केवळ संख्याशास्त्राचा इतिहास नाही. अंध कोण, हे ठरवण्याचा अधिकार घरच्या माणसांकडून गणकाकडे, गणकाकडून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून कायद्याकडे कसा सरकत गेला, याचीही ती हकीकत आहे.

गणकाचा रकाना

ब्रिटिश हिंदुस्थानच्या जनगणनेत १८७२ पासून १९३१ पर्यंत व्यंगांची नोंद होत असे. त्यासाठी चार वर्ग होते : वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. नाव, धर्म, जात, वय, व्यवसाय, भाषा, साक्षरता असे एकेक रकाने भरत गणक अखेरीस या रकान्याशी पोहोचत असे. १९०१ आणि १९११ च्या पत्रकांत तर हा अगदी शेवटचा रकाना होता. गणक म्हणजे बहुधा गावचा तलाठी, शाळामास्तर किंवा लिहिता-वाचता येणारा कोणी रहिवासी. वैद्यकाशी त्याचा काही संबंध नसे. त्याला मिळालेली सूचना साधी होती : दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल त्यालाच आंधळा लिहावे, एका डोळ्याने अधू असलेल्यास लिहू नये. काण्या माणसाला रकान्याबाहेर ठेवणारी ही सूचना लक्षात ठेवावी, कारण शंभर वर्षांनी ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

या पद्धतीने १८८१ साली सुमारे ५ लाख २७ हजार आंधळे मोजले गेले. दर लाख लोकसंख्येमागे २२९. १८९१ साली हे प्रमाण १६७ वर आले आणि १९०१ साली १२१ वर. वीस वर्षांत अंधत्व जवळजवळ निम्मे झाले ! त्यानंतर मात्र आकडा पुन्हा चढू लागला : १९११ साली १४२, १९२१ साली १५२, १९३१ साली १७२.

अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी या चढउताराची कारणे शोधली आणि ती वाचण्यासारखी आहेत. देवीची लस पसरत होती, सरकारी दवाखान्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या, ही आशादायक कारणे. दुसरे कारण विदारक होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत आधी मेले ते परावलंबी लोक, आणि आंधळे त्यांत होते. म्हणजे १९०१ च्या घसरलेल्या आकड्यामागे काही प्रमाणात बरे झालेले डोळे असतील, तर काही प्रमाणात मेलेली माणसे होती. आकड्यावरून हा भेद कळत नाही. तिसरे कारण कारकुनी होते. त्या वर्षी माहितीच्या संकलनासाठी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र चिठ्ठी करण्याची नवी पद्धत आली, आणि पत्रकावरून चिठ्ठीवर नक्कल करताना शेवटचा, बहुधा रिकामाच असणारा रकाना नजरेतून सुटणे सहज शक्य होते.

तरीही हे आकडे निव्वळ टाकाऊ नव्हते. पंजाब, राजपुताना, संयुक्त प्रांत या कोरड्या, धुळीच्या आणि प्रखर उन्हाच्या प्रदेशांत अंधत्वाचे प्रमाण सतत अधिक दिसे. ज्या रोगाला आपल्याकडे खुपऱ्या म्हणतात, त्याचे राज्य याच पट्ट्यात होते, हे पुढे वैद्यकीय पाहण्यांनी दाखवून दिले. एकूण संख्या चुकली तरी भूगोल बरोबर होता. चुकणारा गणक सगळीकडे साधारण सारखाच चुकत असेल, तर तुलनेला काही अर्थ उरतो.

पण एक चूक सारखी नव्हती. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे होणे हे घरच्यांच्या लेखी व्यंग नव्हतेच. केस पिकतात, दात पडतात, तशी नजर जाते. ‘घरात कोणी आंधळे आहे का ?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याची आई ओसरीवर बसून असे, चाचपडत भिंतीच्या आधाराने मोरीपर्यंत जाई, पण ती ‘आंधळी’ नव्हती; तिला फक्त वयामुळे दिसत नव्हते. ‘आंधळा’ हा शब्द जन्मापासून किंवा देवी येऊन डोळे गेलेल्यांसाठी, देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांसाठी राखलेला होता. मोतीबिंदूने अंध झालेल्यांची मोठी संख्या याच समजुतीच्या आड दडून राहिली असणार.

मोतीबिंदूवर इलाज नव्हता असेही नाही. गढूळ झालेले नेत्रभिंग सुईने आत ढकलून देण्याची प्राचीन रीत देशभर चालू होती. पंजाबात रावळ नावाचे फिरते वैदू ती करीत. रुग्णाला तत्काळ दिसू लागे आणि पुढे अनेकांचा डोळा कायमचा जाई. मद्रासच्या नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या शस्त्रक्रियेच्या परिणामांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. अशा माणसाची गणकाने नोंद कशी करायची ? सुई लागल्यावर महिनाभराने जनगणना आली तर तो डोळस, वर्षभराने आली तर आंधळा.

आकड्याविना तीन दशके

१९४१ च्या जनगणनेतून व्यंगांचा प्रश्न वगळण्यात आला. आकडे विश्वसनीय नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक अहवालात होतीच. स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनांतही तो परतला नाही. चुकीचे उत्तर मिळते म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, असा हा न्याय झाला.

दरम्यान एक वेगळा प्रयत्न झाला होता. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली देहरादून येथे सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तिच्याशी निगडित असलेले सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या पुढाकाराने केंद्रीय शिक्षण व आरोग्य सल्लागार मंडळांच्या संयुक्त समितीने १९४४ साली भारतातील अंधत्वावर अहवाल दिला आणि देशात सुमारे २० लाख अंध असावेत असा अंदाज वर्तवला. तेरा वर्षांपूर्वीच्या जनगणनेतील संख्येच्या तिप्पट ! अंधांची संख्या कमी धरली जात आहे, हे या देशाच्या शासनाला ठणकावून सांगणारा माणूस स्वतः अंध होता, हा योगायोग नसावा.

अंतराची भाषा

तोपर्यंत युरोपात दृष्टी मोजण्याची एक भाषा रूढ झाली होती. उट्रेख्तचे नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. चष्म्याच्या दुकानात आपण सर्वांनी तो पाहिला आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते एखाद्याला ६ मीटरवर आल्यावरच ओळखता येत असेल, तर त्याची दृष्टी ६/६०. तेच अक्षर ३ मीटरवर यावे लागत असेल तर ३/६०. या अपूर्णांकांनी एक क्रांती केली. ‘आंधळा’ आणि ‘डोळस’ या दोन शब्दांच्या मधला प्रदेश मोजता येऊ लागला.

पण मोजपट्टी मिळाली म्हणून रेघ कुठे मारायची हे ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ साली पाहिले तेव्हा निरनिराळ्या देशांत अंधत्वाच्या ६५ व्याख्या प्रचलित होत्या. १९७२ मध्ये तिच्या अभ्यासगटाने ३/६० ही रेघ सुचवली. भारताने आपल्या कार्यक्रमासाठी ६/६० ही अधिक उदार रेघ स्वीकारली. उदार अशा अर्थाने, की जगाच्या हिशेबात जो अंध नव्हता, असाही माणूस भारताच्या हिशेबात अंध धरला जाई आणि उपचाराचा धनी ठरे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ ते १९७४ या काळात नमुना पाहणी केली. आता दारात उभा असलेला माणूस ‘कोणी आंधळे आहे का ?’ असे विचारत नव्हता. घरातल्या प्रत्येकाचे डोळे तपासत होता. निष्कर्ष निघाला १.३८ टक्के, म्हणजे सुमारे ९० लाख अंध. ओसरीवरची आई प्रथमच मोजली गेली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो या आकड्याच्या बळावर. खुपऱ्यांवरील नियंत्रणाचा कार्यक्रम १९६३ पासून, तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रांचा १९७० पासून चालू होता. देवीचे उच्चाटनही याच दशकात झाले. १९८६-८९ च्या पाहणीत प्रमाण १.४९ टक्के आले आणि त्यातील ८० टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. बहुसंख्य अंध माणसे एका शस्त्रक्रियेने डोळस होऊ शकतात, ही गोष्ट आकड्यांनी सांगितली नसती तर धोरणाला कळली नसती.

याच्या अगदी उलट उदाहरण १९८१ च्या जनगणनेचे. ते आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून प्रश्न परत आला. पण ‘पूर्णतः’ आंधळे, ‘पूर्णतः’ पांगळे आणि ‘पूर्णतः’ मुके एवढ्यांनाच मोजायचे ठरले. पूर्णतः आंधळे भरले ४ लाख ७९ हजार. अर्धशतकापूर्वीच्या आकड्याहून कमी, आणि सात वर्षांपूर्वी वैद्यकीय पाहणीने सांगितलेल्या संख्येच्या एकोणिसावा हिस्सा. ‘पूर्णतः’ या एका शब्दाने लाखो माणसे नाहीशी केली. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गळाला.

आकड्याने आणलेले यश एकपदरी नव्हते. कार्यक्रमाचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावर मोजले जाऊ लागले आणि शिबिरांचा धडाका सुरू झाला. सुरुवातीच्या पद्धतीत नेत्रभिंग काढून टाकले जाई आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा मिळे. तो चष्मा फुटला किंवा हरवला की माणूस पूर्ववत आंधळा. सरकारी वहीत मात्र तो बरा झालेला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला आणि याच सुमारास डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे रूढ होत गेले. किती डोळे कापले याऐवजी किती डोळ्यांना दिसू लागले हे मोजायला हवे, ही साधी जाणीव रुजायला वीस वर्षे लागली.

काण्याचे पुनरागमन

२००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आला तो जावेद आबिदी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे. ज्यांची गणती नाही त्यांच्यासाठी तरतूदही नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. २ कोटी १९ लाख अपंग मोजले गेले; त्यांपैकी जवळजवळ निम्मे, १ कोटी ६ लाख, दृष्टिबाधित. इतर सर्व प्रकार मिळून जेवढे, तेवढे एकटे हे. यामागे एक कारण सूचनापुस्तिकेत होते. एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यालाही दृष्टिबाधित मानावे, असे गणकांना सांगितलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेर ठेवलेला काणा माणूस एकविसाव्याच्या आरंभी आत आला.

लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने वेगळी कसोटी लावली : चांगल्या उजेडात, दोन्ही डोळे उघडे ठेवून, चष्मा असल्यास तो लावून, ३ मीटरवरून हाताची बोटे मोजता येतात का ? तिने सुमारे २० लाख अंध आणि ८ लाख अल्पदृष्टी असे मिळून २८ लाख मोजले. २०११ च्या जनगणनेत काण्यांना पुन्हा वगळण्यात आले. दहा फुटांवरून बोटे मोजण्याची कसोटी गणकाच्या हाती आली, आणि एकाहून अधिक व्यंगे असणाऱ्यांचा वेगळा वर्ग झाला. त्यामुळे ऐकू न येणारा अंध माणूस अंधांच्या संख्येतून बाहेर पडून या वर्गात गेला. संख्या झाली ५० लाख. दहा वर्षांत ५६ लाख माणसे रकान्यातून उठून गेली. नेत्रवैद्यकाचा यातला वाटा किती आणि सूचनापुस्तिकेचा किती, हे आता कोणालाही वेगळे करून दाखवता येणार नाही.

रेघ सरकते तेव्हा

वैद्यकीय पाहण्यांचा इतिहास त्या मानाने सरळ दिसतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबाने अंधत्व २००१-०२ मध्ये १.१ टक्के, २००६-०७ मध्ये १ टक्का आणि २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के. शेवटची घसरण नेत्रदीपक आहे. पण २०१७ साली शासनाने आपली व्याख्या बदलून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेतली होती. रेघ ६/६० वरून ३/६० वर सरकली होती.

या सरकण्याची किंमत त्याच पाहणीतून काढता येते. पन्नाशी ओलांडलेल्यांत ३/६० हून कमी दृष्टी असलेले, म्हणजे नव्या व्याख्येने अंध, १.९९ टक्के होते. ३/६० ते ६/६० या पट्ट्यातले, जे जुन्या व्याख्येने अंध ठरले असते, ते १.९६ टक्के. दोन गट जवळजवळ समसमान. म्हणजे या वयोगटात जुन्या हिशेबाने जे अंध होते, त्यांपैकी निम्मे केवळ रेघ सरकल्याने ‘तीव्र दृष्टिबाधित’ या शीर्षकाखाली गेले.

यात लबाडी झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्याख्या बदलल्याचे शासनाने जाहीर केले होते आणि इतर देशांशी तुलना करायची तर एक रेघ हवीच. शिवाय सुधारणाही खरीच आहे. २००६-०७ च्या पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे ८ टक्के लोकांची दृष्टी ६/६० हून कमी होती. २०१५-१९ मध्ये ते प्रमाण वरील दोन गट मिळून ३.९५ टक्के येते. जुन्या रेघेनेही प्रमाण निम्म्यावर आले, ही लहान गोष्ट नव्हे. खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून नायनाट झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. तक्रार एवढीच की १ वरून ०.३६ हे दोन आकडे शेजारी छापले जातात तेव्हा त्यांच्यामध्ये सरकलेली रेघ कोणी छापत नाही.

कायद्याने आणखी एक पेच निर्माण केला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अंधत्वाची मर्यादा ६/६० होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ती ३/६० झाली आणि ३/६० ते ६/१८ हा पट्टा अल्पदृष्टीचा ठरला. शिवाय कायदा दृष्टी मोजतो ती शक्य तितका उत्तम चष्मा लावल्यावर. आरोग्याची पाहणी मात्र माणूस जसा समोर येतो, तशी त्याची दृष्टी मोजते. चष्मा नसेल तर चष्म्याविना. दोन्ही बाजूंना तर्क आहे. चष्मा घेणे न परवडल्याने ज्याला दिसत नाही, तो पाहणीत अंध असू शकतो आणि प्रमाणपत्राच्या खिडकीपाशी डोळस. गरिबी हा दृष्टिदोष आहे की नाही, या प्रश्नावर देशाच्या दोन खात्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत, असेच याचे सार.

या साऱ्यातून सगळे आकडे खोटे असतात असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. १९७१-७४ चा आकडा नसता तर मोतीबिंदूने दृष्टी गेलेली लाखो माणसे ‘वयामुळे’ या शब्दाखाली तशीच बसून राहिली असती. १९४१ ते १९७१ हा काळ दाखवतो की न मोजण्याची किंमत चुकीचे मोजण्याहून कमी नसते. मागायचे असेल तर एवढेच मागावे, की प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा प्रश्नही छापला जावा : किती अंतरावरून, चष्म्यासह की त्याविना, एका डोळ्याचे काय केले, आणि उत्तर कोणी दिले.

२०२१ ची लांबलेली जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. गणक पुन्हा दारोदार जाईल. त्याच्या हाती आता कागदी पत्रकाऐवजी मोबाईल असेल, पण दारात उभे राहून विचारायचा प्रश्न साधारण तोच असेल आणि उत्तर देणारा बहुधा घरातला कर्ता माणूसच असेल. ओसरीवर बसलेल्या म्हातारीला तो प्रश्न कोणी थेट विचारेल का, एवढे पाहायचे.